मिशनरी कुटुंबं 'फर्लो'वर जायची म्हणजे नेमकं काय करायची? वर्षभराच्या एका अवघड रजेची गोष्ट

'अमुक कैद्याला फर्लो मंजूर' अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. तुरुंगाच्या भाषेत फर्लो म्हणजे संचित रजा. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हा शब्द अगदी वेगळ्या ठिकाणी वापरला जायचा. अहमदनगर (आजचं अहिल्यानगर), सोलापूर, कोल्हापूर, मिरज अशा गावांतल्या मिशन कंपाउंडमध्ये.

तिथे राहणारं एखादं अमेरिकन किंवा ब्रिटिश कुटुंब अनेक वर्षांनी मायदेशी निघायचं. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षांसाठी. यालाही फर्लोच म्हणायचे.

बाहेरून पाहिलं तर ही लांबलचक सुट्टी. प्रत्यक्षात याच काळात त्या कुटुंबाचे सगळ्यात मोठे निर्णय व्हायचे. परत यायचं की नाही? आलं तर कोणी यायचं आणि कोणी मागे राहायचं? आणि मुळात 'घर' म्हणजे कोणतं?

'फर्लो' हा शब्द आला कुठून?

मूळ शब्द डच भाषेतला. तिथे 'व्हरलोफ' म्हणजे रजा, परवानगी. इंग्रजीत तो आधी सैनिकांच्या रजेसाठी रुळला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही फर्लो मिळायची. कंपनीचे अधिकारी आणि मिशनरी एकाच काळात, अनेकदा एकाच बंदरातून ये-जा करत होते. मिशनच्या कारभारातही हाच शब्द रूढ झाला.

कोरोनाच्या काळात ब्रिटनमध्ये कामावरून तात्पुरतं घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांसाठीही तो वापरला गेला. आज बऱ्याच मिशनरी संस्था 'फर्लो' म्हणणं टाळतात आणि 'होम असाइनमेंट' म्हणतात. कारण सरळ आहे. या काळातही कामच असतं, फक्त जागा बदलते.

आधी तर रजाच नव्हती

सुरुवातीचे मिशनरी परत जाण्याचा विचार करून निघतच नसत. मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारले. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये पोहोचले. १८३४ मध्ये श्रीरामपूरला त्यांचा मृत्यू झाला. या ४१ वर्षांत ते एकदाही इंग्लंडला गेले नाहीत.

मुंबईत अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात १८१३ ची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे तेव्हा मुंबईत उतरले. नॉट आजारपणामुळे काही वर्षांतच परतले. हॉल मात्र राहिले.

१८२५ मध्ये हॉल यांच्या पत्नी मार्गारेट दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. हॉल मुंबईतच थांबले. प्रवासात एक मुलगा समुद्रातच वारला. दुसऱ्या वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिक भागातल्या दौऱ्यात हॉल यांना कॉलऱ्याने गाठलं आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्या कुटुंबाची पुन्हा भेट झाली नाही.

तेव्हा शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून अमेरिका गाठायला चार-पाच महिने लागायचे. इतक्या लांबच्या प्रवासाला रजा म्हणणं अवघडच. बहुतेक वेळा कोणी निघालं तर ते आजारी असायचं किंवा जोडीदार गमावलेलं असायचं.

मग नियमित रजा कशी सुरू झाली?

यामागे तीन गोष्टी होत्या.

पहिली, प्रवास. आगबोटी आल्या आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला.

दुसरी, तब्येत. कॉलरा, हिवताप, आमांश यांनी मिशनरी आणि त्यांची मुलं दगावायची. भाषा शिकलेला, कामात मुरलेला माणूस गमावण्यापेक्षा त्याला वेळेवर विश्रांती देणं संस्थेलाही परवडणारं होतं.

तिसरी, पैसा. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम चालायचे ते मायदेशातल्या देणगीदारांच्या जिवावर. त्यांना प्रत्यक्ष भेटून कामाची माहिती देणारं कोणीतरी हवं होतं.

त्यातून साधारण सात-आठ वर्षं काम आणि मग वर्षभर मायदेशी असा रिवाज पडत गेला. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असायचा. पुढे विमानप्रवास आल्यावर ही मुदत आणखी कमी झाली.

निघण्याची तयारी म्हणजे काय काय?

ट्रंका भरणं हा त्यातला सोपा भाग. अवघड काम होतं कारभार सोपवण्याचं.

एका मिशनरी जोडप्याकडे अनेकदा डझनभर खेड्यांतल्या शाळा, एखादं वसतिगृह, शिक्षकांचे पगार आणि बांधकामाचे हिशोब असायचे. हे सगळं वर्षभर कोण पाहणार? शेजारच्या ठाण्यावरच्या मिशनऱ्यावर दुप्पट भार पडायचा, नाहीतर स्थानिक पाळक आणि मुख्याध्यापकांकडे जबाबदारी जायची. साहेबांशिवाय काम चालतं हे अनेक ठिकाणी अशा रजेतच दिसून यायचं.

बंगल्यात खानसामा, आया, माळी असायचे. कुटुंब निघालं की त्यांच्या रोजगाराचा प्रश्न. पाळलेलं कुत्रं कोणाकडे ठेवायचं, हा मुलांचा प्रश्न.

शिवाय कपडे. दख्खनमध्ये वाढलेल्या मुलांकडे अमेरिकेच्या हिवाळ्यात चालतील असे कपडे नसायचे. तिथल्या शाळेत कोणत्या वर्गात प्रवेश मिळेल, वर्षभर राहायचं कोणाकडे, हे सगळं पत्रांतून ठरवायचं. आणि एका पत्राचं उत्तर यायलाच कित्येक आठवडे.

रजेवर गेल्यावर आराम मिळायचा का?

थोडा. आधी डॉक्टरांकडून तपासणी, दातांची कामं, रखडलेली ऑपरेशन्स. मग नातेवाईक. आणि त्यानंतर दौरा.

या चर्चमधून त्या चर्चमध्ये, या गावातून त्या गावात भाषणं. काचेच्या स्लाइड्स पडद्यावर दाखवणारा मॅजिक लँटर्न सोबत. साड्या, पितळी भांडी, मूर्ती अशा वस्तू मांडून भारताची ओळख करून दिली जायची.

यात एक अडचण होती. देणगी गोळा करायची तर दुःखाची चित्रं जास्त उपयोगी पडतात. त्यामुळे दुष्काळ, रोगराई, बालविधवा असाच भारत तिथल्या लोकांसमोर जास्त यायचा. स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेतल्या भाषणांत मिशनऱ्यांच्या याच सवयीवर टीका केली होती. दुसरीकडे, याच दौऱ्यांतून उभा राहिलेला पैसा इथल्या शाळा-दवाखान्यांत आला, हेही खरं.

रजेत गेलेलं ठाणं, रजेत अडलेला माणूस

मायदेशी गेल्यावर परत येणं गृहीत धरता येत नसे. पश्चिम महाराष्ट्रातली दोन उदाहरणं यासाठी पुरेशी आहेत.

रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं. पाचेक वर्षांनी तब्येतीमुळे त्यांना अमेरिकेला जावं लागलं. ते तिकडे असताना अमेरिकन बोर्डाने कोल्हापूरचं काम सोडून द्यायचं ठरवलं. वाइल्डर १८६१ मध्ये बोर्डाशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापूरला परतले. १८७० मध्ये हे काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं.

दुसरं उदाहरण अहमदनगरच्या रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचं. १८८६ मध्ये ते अमेरिकेत रजेवर होते. ज्यांनी आयुष्यात ख्रिस्ताचं नावही ऐकलं नाही, त्यांना मृत्यूनंतर एखादी संधी मिळू शकेल का, यावर तेव्हा तिथे मोठा वाद पेटला होता. ह्यूम यांनी आपल्या भाषणात ही शक्यता मानणाऱ्यांची बाजू घेतली.

भारतात राहणाऱ्या माणसासाठी हा कोरडा वाद नव्हता. ज्यांच्यात ते रोज वावरत, त्यांच्या आई-बापांचं, आजा-पणजांचं काय झालं, असा तो प्रश्न होता. पण बोर्डाने ह्यूम यांना भारतात परत पाठवायला मंजुरी देणं थांबवलं. बराच वाद झाल्यावर १८८७ मध्ये ही अडवणूक संपली आणि ते अहमदनगरला परतले. एका भाषणामुळे इतक्या वर्षांचं काम संपता संपता राहिलं.

परत आलेल्यांमुळे काय झालं, याचंही एक उदाहरण आहे. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या. तब्येतीमुळे मध्ये एकदा त्या अमेरिकेला जाऊन आल्या आणि मग अहमदनगरला मुलींच्या शिक्षणाचं काम करू लागल्या. त्यांची ही शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती. पुण्यातल्या मुलींच्या शाळेच्या इतिहासात फरारबाईंचं नाव येतं ते त्यामुळे.

मुलांचं काय व्हायचं?

रजेतला सगळ्यात कठीण भाग हाच.

रॉबर्ट ह्यूम यांचीच गोष्ट पुन्हा घेऊ. त्यांचा जन्म १८४७ चा, मुंबईतल्या भायखळ्याचा. वडील रॉबर्ट विल्सन ह्यूमही मिशनरी. १८५४ मध्ये आजारी वडिलांना घेऊन कुटुंब अमेरिकेला निघालं. वडील वाटेत जहाजावरच वारले. सात वर्षांचा रॉबर्ट आई आणि भावंडांबरोबर अशा 'मायदेशी' उतरला, जो देश त्याने कधी पाहिलाच नव्हता. येल विद्यापीठातून शिकून १८७४ मध्ये तो भारतात परतला.

आणखी एक प्रसिद्ध नाव पर्ल बक यांचं. त्यांचे आई-वडील चीनमध्ये मिशनरी होते. पर्ल यांचा जन्म १८९२ मध्ये अमेरिकेत झाला, कारण आई-वडील तेव्हा रजेवर होते. काही महिन्यांच्या असतानाच त्या चीनला गेल्या आणि तिथेच वाढल्या. पुढे चीनमधल्या आयुष्यावर लिहून त्यांनी १९३८ मध्ये साहित्याचं नोबेल मिळवलं.

मुलं मोठी झाली की रजेच्या शेवटी अनेक आई-वडील त्यांना शिक्षणासाठी मायदेशीच ठेवून परतायचे. बॉस्टनजवळ ऑबर्नडेल इथे एलायझा वॉकर या मिशनऱ्याच्या विधवेने अशा मुलांसाठी घर चालवलं. पुढची भेट थेट पुढच्या रजेत. तोवर दहा वर्षांचं मूल सतरा-अठरा वर्षांचं झालेलं असायचं. मसुरीचं वुडस्टॉक आणि १९०१ मध्ये सुरू झालेलं कोडईकनालचं स्कूल यांच्यामुळे ही ताटातूट थोडी कमी झाली. मुलं निदान भारतात राहून शिकू लागली.

अशा मुलांना पुढे एक नाव मिळालं, 'थर्ड कल्चर किड्स'. जॉन आणि रुथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जोडप्याने ते रूढ केलं. १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करताना त्यांना ते सुचलं. आई-वडिलांची संस्कृती एक, आजूबाजूची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधली मुलांची तिसरी.

आज निघणाऱ्या कुटुंबांना काय सांगितलं जातं?

डेव्हिड पोलॉक यांनी अशा कुटुंबांसाठी चार पायऱ्या मांडल्या. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो 'राफ्ट', म्हणजे तराफा.

१. समेट : ज्यांच्याशी भांडण किंवा अबोला आहे, त्यांच्याशी निघण्याआधी बोलून घ्या. अंतर वाढलं की राग निवळत नाही.

२. कृतज्ञता : ज्यांनी साथ दिली त्यांना तसं सांगा.

३. निरोप : माणसांचा घ्या, तसाच जागांचा, वस्तूंचा, पाळीव प्राण्यांचाही घ्या. मुलांना न सांगता सामान देऊन टाकू नका.

४. पुढचा विचार : जिथे जायचं तिथे काय असेल, काय नसेल, याबद्दल आधीच बोला.

चौथी पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. मोठ्यांना वाटतं, आपण घरीच तर चाललोय. पण बरीच वर्षं बाहेर राहिल्यावर ते घरही बदललेलं असतं. परतल्यावर बसणाऱ्या या धक्क्याला 'रिव्हर्स कल्चर शॉक' म्हणतात.

आता व्हिडिओ कॉल आहेत, विमानं आहेत, दर एक-दोन वर्षांनी छोटी चक्कर मारता येते. पण परतीची अनिश्चितता संपलेली नाही. भारतात परदेशी मिशनऱ्यांसाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा लागतो, आणि तो मिळाला नाही तर परत येता येत नाही.

हे सगळं वाचून कोणाला बंगळुरू-पुण्यातून 'ऑनसाइट'ला गेलेली कुटुंबं आठवली, तर ते चूक नाही. न्यू जर्सीत वाढलेलं मराठी मूल सुट्टीत आजीकडे येतं. "कधी आलास?" आणि "कधी जाणार?" हे दोन प्रश्न त्याला एकाच दमात विचारले जातात. त्याची अडचणही साधारण हीच असते.

शेवटी न्यू जर्सीचीच एक गोष्ट. जस्टिन ॲबट यांचे आई-वडील अहमदनगरच्या मिशनमध्ये होते. जस्टिन यांनी स्वतः जवळपास तीस वर्षं मुंबईत काम केलं आणि १९१० च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. ही काही रजा नव्हती, आता परत यायचं नव्हतं. न्यू जर्सीतल्या समिट या गावी ते राहिले. तिथे बसून आयुष्याच्या शेवटापर्यंत ते एकच काम करत होते. एकनाथ, बहिणाबाई आणि महिपती यांचं मराठी लेखन इंग्रजीत आणण्याचं.