मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर टिकून राहणाऱ्या वा नव्याने उद्भवणाऱ्या दीर्घकालीन पाठदुखी-पायदुखीस ‘अयशस्वी पाठ-शस्त्रक्रिया संलक्षण’ म्हणत. दोष शस्त्रक्रियेचाच असल्याचे त्यातून सूचित होत असल्याने २०२१ मध्ये ‘चिवट मणकावेदना संलक्षण, प्रकार २’ ही संज्ञा सुचवण्यात आली. मूळ कारण मात्र दोन्ही नावांतून कळत नाही. चकती पुन्हा सरकणे, सॅक्रोइलियाक सांध्याचा विकार, जंतुसंसर्ग किंवा अरॅक्नॉइडायटिस ही संभाव्य कारणे होत. अरॅक्नॉइडायटिसमध्ये मज्जातंतूंची मुळे एकमेकांस चिकटतात. तो न ओळखता पुन्हा शस्त्रक्रिया केल्यास त्रास वाढू शकतो. एमआरआयमध्ये ठळक दोष न दिसणे, हा वेदना काल्पनिक असल्याचा पुरावा नव्हे. निदान व उपचारांत अस्थिरोग, भूलशास्त्र व भौतिकोपचार या शाखांचे सहकार्य लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथील प्रवरा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये त्यांचे शिक्षण दिले जाते. पायांतील शक्ती वा लघवीवरील नियंत्रण जाणे, ही तातडीची लक्षणे होत.