गेंट येथील वेदिचित्रावरील कालश्लोक

बेल्जममधील गेंट शहरीं, पूर्वीं सेंट जॉनचें व हल्लीं सेंट बाव्होचें म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळांत एक विख्यात वेदिचित्र आहे. योडोकुस व्हेइट या धनिक नागरिकानें व त्याची पत्नी एलिझाबेथ बोर्लूट हिनें तें आपल्या कुलाच्या प्रार्थनामंदिराकरितां करविलें. दांपत्य निपुत्रिक होतें. तेथें नित्य उपासना चालावी म्हणून त्यांनीं १४३५ सालीं नेमणूक करून दिली. चित्राचीं दारें मिटलीं असतां दोघेंही गुडघे टेकून बसलेलीं दिसतात.

बाहेरील चौकटीवर चार चरणांचा लॅटिन श्लोक आहे. ह्यूबर्ट व्हान आइक यानें आरंभिलेलें काम त्याचा बंधु यान यानें व्हेइटच्या विनंतीवरून पुरें केलें, असा त्याचा आशय. दिवस ६ मे हा स्पष्ट दिला आहे. वर्ष मात्र गूढ आहे. शेवटच्या चरणांतील जीं अक्षरें रोमन अंकही होतात तीं तांबड्या रंगांत असून त्यांची बेरीज १४३२ येते. आमच्या वाचकांस कटपयादि पद्धतीचें स्मरण होईल. पण तींत अक्षरांचा क्रम महत्त्वाचा, येथें केवळ बेरीज.

चित्राचीं दारें १८१६ सालीं विकलीं जाऊन पुढें बर्लिनला गेलीं. तेथें १८२३ सालीं हिरव्या रंगाच्या थराखालीं हा श्लोक सांपडला. १९३३ सालीं एमिल रेंडर्स यांनीं तो मागाहून रचलेला व ह्यूबर्ट हा चितारी कल्पित ठरविला. हें मत खरें मानल्यास चित्राचा काल व कर्ता हीं दोन्ही डळमळतात. ह्यूबर्टच्या सहीचें एकही चित्र उपलब्ध नाहीं, हें खरें. तथापि गेंटच्या नगरखात्याच्या जमाखर्चांत त्याचा उल्लेख आहे, व तो १४२६ सालीं वारला. म्हणजे नांव केवळ श्लोकावर अवलंबून नाहीं.

२०१२ सालीं सुरू झालेल्या जीर्णोद्धारांत चौकटीवरील मागाहूनचे थर काढले गेले. खालीं मूळचा रुपेरी वर्ख निघाला, व श्लोकाचीं अक्षरें त्या मूळ कामाचाच भाग आहेत असें तपासणाऱ्यांनीं ठरविलें. ह्यूबर्टचा हात नेमका कोठवर, हा वाद मात्र श्लोकानें मिटत नाहीं. कारण श्लोक वांटणी सांगत नाहीं.

पोथीच्या पुष्पिकेसही हाच न्याय लागू आहे. केवळ मजकुरावरून ती खरी वा खोटी ठरवूं नये. कागद, शाई व अक्षराखालचा थर पाहिल्यावांचून साक्ष पुरी होत नाहीं, असें आमचें मत आहे.