राज्य मावळले, संघटना टिकली : गोव्याच्या फुटबॉल मंडळाची कुळकथा

खेळाडूंची नोंदणी करणारी, पंच नेमणारी, स्पर्धा भरवणारी आणि ‘फिफा’ या जागतिक महासंघापुढे देशाच्या नावाने उभी राहणारी संस्था म्हणजे फुटबॉलची राष्ट्रीय नियामक संघटना. असा एखादा देशच नकाशावरून नाहीसा झाला, तर त्याची संघटनाही स्वतंत्र राहत नाही. ती थोरल्या संघटनेत विलीन होते किंवा तिची शाखा होऊन उरते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या छत्राखाली वेगळा काढलेला जर्मनीचा सार हा प्रदेश 1950 साली फिफाचा सदस्य झाला, 1954 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पश्चिम जर्मनीशीच खेळला, आणि 1957 साली तो प्रदेश पश्चिम जर्मनीत सामील झाल्यावर त्याची संघटना प्रादेशिक मंडळाच्या रूपाने राहिली. पूर्व जर्मनीच्या संघटनेचेही 1990 साली असेच विलीनीकरण झाले.

मराठी माणसाच्या शेजारी या इतिहासाला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीज अमलातील गोवा, दमण आणि दीव यांना मिळून पोर्तुगीज भारत म्हणत. हा स्वतंत्र देश नव्हता आणि त्याची संघटना फिफाची सदस्यही नव्हती. पोर्तुगालचा महासंघ 1914 सालीच स्थापन झालेला होता. मात्र भारतीय महासंघाच्या कक्षेबाहेर राहून एका वेगळ्या सत्तेखाली वाढलेली, आणि ती सत्ता गेल्यावरही टिकलेली फुटबॉल संघटना म्हणून तिची कुळकथा अभ्यासण्याजोगी आहे.

गोव्यात फुटबॉल आणला तो पोर्तुगिजांनी नव्हे. प्रकृती सुधारण्यासाठी येथे आलेले ब्रिटिश धर्मगुरू फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी 1883 साली शिवोलीत हा खेळ शिकवण्यास आरंभ केला, आणि पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेतून तो आसपासच्या गावांत गेला. पोटापाण्यासाठी मुंबईत गेलेले गोवेकर धोबीतलाव परिसरातील कुडांत, म्हणजे गावागावांनी आपल्या माणसांसाठी चालवलेल्या सामाईक बिऱ्हाडांत राहत. त्या मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू होती, त्यामुळे गावाकडचा खेळ आणि शहरातला खेळ यांत देवाणघेवाण होत राहिली.

या खेळाला मैदान मिळाले ते भातशेतीमुळे. खरिपाची कापणी झाली की खाजणाच्या किंवा डोंगरपायथ्याच्या सपाट शेतात खुंट उरतात, जमीन टणक होत जाते, आणि पुढची पेरणी होईपर्यंत तिथे बांबूचे गोलखांब उभे राहू शकतात. गावच्या चर्चचे फेस्त आणि वाड्यावाड्यांमधील सामने याच मोकळ्या काळात रंगतात. चंद्रपूरच्या पूर्व भागात आणि गडचिरोलीत हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते : धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की झाडीपट्टीची नाटके, मंडई, शंकरपट आणि कबड्डीचे सामने सुरू होतात. खेळाच्या इतिहासात सरकारी ठरावांना फार महत्त्व दिले जाते. वास्तविक पिकाचे वेळापत्रक त्यांच्याहून अधिक निर्णायक असते, आणि गोव्याचे उदाहरण त्याचा पुरावा आहे.

ब्रिटिश भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ 1937 साली स्थापन झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1939 साली, पोर्तुगीज भारताची स्वतःची फुटबॉल संघटना उभी राहिली. 1951 साली पोर्तुगालने घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले, आणि त्याच वर्षी पणजीत खेळांचे सरकारी मंडळ अस्तित्वात येऊन फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे गेला. गोव्याची साखळी स्पर्धाही त्याच वर्षीची. 1947 नंतर गोव्यावरील आपला हक्क टिकवण्यासाठी धडपडणाऱ्या राजवटीला लोकप्रिय खेळ हाताशी हवा होता, असा या योगायोगाचा अर्थ लावणे रास्त ठरते. 22 डिसेंबर 1959 रोजी फुटबॉलसाठी गोव्याची स्वतंत्र संघटना नव्याने स्थापन झाली, आणि 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, म्हणजे राजवटीच्या छत्राखाली तिला जेमतेम दोन वर्षे लाभली.

राजवट बदलली, तरी संघटना मोडली नाही. तिचे पोर्तुगीज नाव इंग्रजीत आले, ती भारतीय महासंघाशी जोडली गेली, आणि संतोष चषकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत गोव्याचा संघ उतरू लागला. 1982-83 साली बंगालसह संयुक्त विजेतेपद आणि पुढच्याच वर्षी एकट्याचे विजेतेपद, अशी झेप तिने घेतली; गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर याच पिढीचे.

सीमा बदलल्या की क्रीडासंस्थांचे काय होते, हे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. जुना चांदा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडातून मध्य प्रदेशात, 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला, आणि 1982 साली त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. क्रिकेटमध्ये या भागाची जुनी ओळख विदर्भाच्या स्वतंत्र संघाच्या रूपाने आजही जिवंत आहे, तर फुटबॉलमध्ये तो मुंबईत मुख्यालय असलेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या कक्षेत मोडतो. म्हणजे राज्यसीमा बदलल्यावर संघटनेने नव्या सीमा स्वीकारायच्या की जुनी ओळख राखायची, हे प्रत्येक खेळात निराळे ठरत आले आहे. गोव्यात ते ठरवले गावोगावच्या क्लबांनी आणि शेतातल्या मैदानांनी, म्हणूनच लिस्बनचा अंमल संपल्यावरही गोव्याच्या फुटबॉलला नव्याने उभे राहावे लागले नाही.