सुनेचे काम आणि राज्याचे काम

सावाको आरियोशी यांची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी जपानमध्ये १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि पाहता पाहता तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. सासू अचानक वारते, आणि नोकरी करणाऱ्या आकिकोच्या ध्यानात येते की सासऱ्यांचे भान हरपले आहे. पोटच्या मुलाला ते ओळखत नाहीत. ज्या सुनेला घालूनपाडून बोलले, तिला मात्र ओळखतात. नवरा हळहळतो, निस्तरावे लागते तिला. मराठी वाचकाला हे घर परके वाटू नये.

जानेवारी १९७३ पासून जपानने सत्तरीपुढील वृद्धांवरील उपचार मोफत केले. कल्पना नवी नव्हती. इवाते प्रांतातील सावाउची या बर्फाळ खेड्याने ती १९६० सालीच अमलात आणली होती. पण कादंबरीतला प्रश्न औषधांचा नव्हताच. आकिकोच्या सासऱ्यांना हवे होते न्हाऊ घालणारे, रात्री जागणारे माणूस. कायद्याने पैसा दिला तो डॉक्टरांना. वृद्धाश्रमाला गरिबीचा कलंक, रुग्णालय मात्र फुकट; तेव्हा उपचारांची गरज नसलेले वृद्धही महिनोन्महिने तेथील खाटांवर राहू लागले. त्याला ‘सामाजिक रुग्णालयवास’ असे नाव पडले. खर्च पेलेना, आणि १९८३ मध्ये मोफत उपचार संपले.

शुश्रूषा हीच स्वतंत्र गरज आहे, हे मान्य व्हायला आणखी बरीच वर्षे लागली. शुश्रूषा-विम्याचा कायदा १९९७ मध्ये झाला, अंमल एप्रिल २००० मध्ये. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा; निम्मा भार करांतून. घरी सेवा करणाऱ्यांना जर्मनीप्रमाणे रोख भत्ता द्यावा काय, यावर मोठा वाद झाला. केइको हिगुची यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियांनी त्याला विरोध केला: हातावर चार पैसे टेकवले की सून घरात कायमची अडकणार! विम्यातून मिळाल्या त्या सेवाच, रोकड नव्हे. मला या साऱ्या इतिहासातला हा निर्णय सर्वांत धीट वाटतो.

शब्दांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. ‘कोकोत्सु’ म्हणजे तंद्री; कादंबरीमुळे तो स्मृतिभ्रंशाचा सौम्य पर्याय झाला. सरकारी शब्द होता ‘चिहो’, त्यातली दोन्ही चित्राक्षरे मूर्खपणा सुचवणारी. २००४ च्या डिसेंबरात तो टाकून ‘निन्चिशो’ स्वीकारला गेला. एवढे शहाणपण आल्यावरही २००८ मध्ये पंचाहत्तरीपुढील लोकांच्या नव्या आरोग्यविम्याला नाव दिले ‘उत्तरकालीन वृद्ध वैद्यकव्यवस्था’. लोक संतापले: उत्तरकाल म्हणजे काय, आमचा शेवटचा टप्पा? सरकारने घाईने ‘दीर्घायुष्य वैद्यकव्यवस्था’ असे टोपणनाव काढले. ते रुजले नाही. मूळ नाव अद्याप कायम आहे.