अनुभवगुण व खजिना (भूमिका-खेळांतील)
टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळांत पात्राला मिळणाऱ्या दोन बक्षिसांचा मेळ. अनुभवगुणांनी पात्राची पातळी चढते, खजिन्याने शस्त्रे-साधने येतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) सोन्याचे एक नाणे भुयारातून सुखरूप बाहेर आणले की एक गुण मिळे, योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २,००० गुण लागत. साहजिकच राक्षसाशी झुंजण्यापेक्षा त्याला चकवून ऐवज पळवणे किफायतशीर, आणि नियमाची खरी गंमत तीच. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत तो ऐच्छिक झाला. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपट या सापशिडीच्या खेळात मात्र खजिना नाहीच. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो.