दिजाँची वाळू, नशिराबादची विहीर

जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबाद लागते. गावाच्या उत्तरेला तापी, पूर्वेला वाघूर आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेकडे चढत गेलेला काळा कातळ. तापीकाठी गाळाची जाड भर आहे. दक्षिणेकडे सरकावे तसा कातळ वर येतो. गाळात पाणी वाळूच्या कणांमधून झिरपते, कातळात भेगांमधून वाट काढते. म्हणून एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींचे नशीब वेगळे असते.

वाहत्या पाण्याचा हिशेब खानदेशाने फार पूर्वी बसवला. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटले जाई. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे गाव ठरवी, पाळी पाटकरी सांभाळी. पाणी डोळ्यांसमोर होते, म्हणून भांडणही मिटवता येत असे. विहिरीच्या पाण्याला असा पाटकरी कधीच मिळाला नाही. मोट होती तोवर बैलांचा दमच उपशाला आवर घाली. विजेचे पंप आले आणि तो आवर सुटला.

जमिनीखालच्या हिशेबाची सुरुवात फ्रान्समधील दिजाँ शहरात झाली. शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्याने वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि 1856 साली नियम प्रसिद्ध केला: दोन टोकांच्या पाणीपातळीत जितका फरक, त्या प्रमाणात प्रवाह, वाळूची लांबी वाढली की प्रवाह कमी. 1935 साली अमेरिकेत चार्ल्स थाइसने उष्णतावहनाच्या गणिताचा आधार घेऊन, उपसा चालू असताना विहिरीभोवतीची पातळी काळानुसार कशी खचत जाते, हे सूत्रात बांधले. शेजाऱ्याच्या विहिरीचा पंप आपले पाणी ओढतो, या तक्रारीला तेव्हा गणिती रूप मिळाले.

पण सूत्र एका विहिरीपुरते सोपे. शेकडो विहिरी, नदी आणि पाऊस एकत्र आले की हाताने सुटत नाही. 1950 नंतर विद्युतरोधक व धारित्रे यांची जाळी उभारून भूजलाची नक्कल केली जाऊ लागली. विजेचा दाब म्हणजे पाण्याची पातळी. पुढे संगणकाने ती जागा घेतली. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील मॅकडोनाल्ड व हारबॉ यांनी 1984 साली ‘मॉडफ्लो’ ही आज्ञावली तयार केली. तिचे तत्त्व किराणा दुकानाच्या वहीसारखे आहे. प्रदेशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात आलेले पाणी वजा गेलेले पाणी म्हणजे साठ्यातला बदल. काढलेली पातळी निरीक्षण विहिरींतल्या पातळीशी जुळेपर्यंत खडकाचे आकडे बदलत राहायचे.

नशिराबादचे चौकोन पाडले तर अडचण इथेच येते. पातळी मोजली जाते, पाऊसही मोजला जातो. उपसा मात्र अंदाजाने धरावा लागतो. अनेक कृषिपंपांना मीटर नाहीत, आकारणी अश्वशक्तीवर. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्याने वीज मोफत केली, तेव्हा बिलावरून उपसा ताडण्याची वाटही अरुंद झाली. उपसा कमी धरला आणि खडक कमी पाझरता मानला, तरी पातळी जुळू शकते. दोन्ही जास्त धरले तरीही. जुळलेले प्रतिमान खरेच असेल असे नाही. शिवाय भेगाळ कातळाला वाळूचा नियम सरसकट लावणे ही तडजोडच.

हा वाद केवळ तज्ज्ञांचा नाही. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात क्षेत्र अधिसूचित करण्याची आणि खोल विहिरींवर बंधन घालण्याची तरतूद आहे. 10 मे 2025 रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. साताऱ्या-सांगलीपेक्षा वेगळ्या या गाळाच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी कुठे मुरवायचे आणि त्याचा लाभ कुठवर पोहोचेल, हे अशा गणितांवरच ठरणार. केळीचे कोणते शिवार तगेल आणि कोणत्या शेतकऱ्याला बोअर नाकारली जाईल, याचा निकाल चौकोनांत भरलेल्या आकड्यांवर अवलंबून राहील. ते आकडे गावाने स्वतःच्या विहिरींवर दोरी सोडून मोजलेले असावेत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावेत. फडाचा हिशेब टिकला तो वाटेकऱ्यांना तो पाहता येत होता म्हणून.