गुन्हेथरारपटाचे संकेत आणि विद्यार्थी चित्रपट

गुन्हेथरारपटाचे संकेत म्हणजे गुन्ह्याभोवती गुंफलेल्या चित्रपटांत वारंवार येणारी आणि प्रेक्षकांच्या अपेक्षेचा भाग बनलेली पात्रे, स्थळे, दृश्यखुणा व कथनाच्या पद्धती होत. चित्रपटशिक्षण घेणारे विद्यार्थी पदविकेसाठी वा प्रकल्पासाठी जे लघुपट तयार करतात, त्यांत हा प्रकार पुष्कळदा हाताळला जातो. संकेत पाळावेत किती आणि मोडावेत कोठे, हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न असतो.

== संकेतांचे स्वरूप ==
अंधारी गल्ली, अर्धवट उजेडातला चेहरा, भूतकाळ लपवणारा नायक, प्रेक्षकाला चकवणारा खोटा संशयित आणि शेवटचा उलगडा हे या प्रकाराचे परिचित घटक आहेत. दहा-पंधरा मिनिटांच्या लघुपटाला त्यांचा मोठा उपयोग होतो. पिस्तूल टेबलावर ठेवताच पुढचे निम्मे काम प्रेक्षकाचे मन करते. रहस्यपट आणि थरारपट यांत मात्र भेद केला पाहिजे. रहस्यपट माहिती दडवतो, तर थरारपट पात्रांना ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला आधीच सांगतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला कळले की त्यावरच्या साध्या गप्पाही असह्य होतात, असे आल्फ्रेड हिचकॉक सांगत. नवशिक्या दिग्दर्शकांच्या हातून हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात आणि शेवटचा धक्का हाच थरार समजला जातो.

== मर्डर ॲट मंकी हिल ==
या संदर्भात विधू विनोद चोप्रा यांचा 'मर्डर ॲट मंकी हिल' (१९७६) हा लघुपट महत्त्वाचा आहे. पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, म्हणजे प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत, विद्यार्थी असताना त्यांनी तो केला. पुण्याहून रेल्वेने मुंबईस जाणाऱ्याला मंकी हिल हे नाव घाटातले म्हणून परिचित आहे.

जिला ठार मारण्यासाठी पैसे मिळाले तिच्याच प्रेमात पडलेला भाडोत्री मारेकरी, हे कथेचे बीज. भाडोत्री मारेकरी हे या प्रकारातील सर्वांत ठोकळेबाज पात्र आहे: त्याला सहसा भूतकाळ नसतो आणि मनही नसते. येथे त्यालाच मन दिल्यामुळे प्रश्न बदलतो. खून कोण करणार हे ठाऊक असते. तो करील काय, एवढेच उरते. या लघुपटास प्रायोगिक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे चोप्रा यांनी याच कथेवर 'सजा-ए-मौत' (१९८१) हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. 'खामोश' (१९८५) आणि 'परिंदा' (१९८९) हे त्यांचे नंतरचे चित्रपटही याच प्रकारातले.

याच संस्थेचे विद्यार्थी श्रीराम राघवन यांनी 'जॉनी गद्दार' (२००७) मध्ये गद्दार कोण हे प्रेक्षकापासून लपवलेच नाही. त्यांचा 'अंधाधुन' (२०१८) पुण्यातच घडतो.

== मराठी परंपरा ==
मराठी वाचकाला हे संकेत पडद्याच्या आधी पुस्तकांतून भेटले. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार व काळा पहाड ही नावे घरोघरी पोहोचवली. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) मध्ये वकील नायकासमोर त्याच्या मृत पत्नीसारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून उभी राहते. तटस्थ तपासाचा संकेत तेथेच कोलमडतो. या चित्रपटावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला. निखिल महाजन यांच्या 'पुणे ५२' (२०१३) चा गुप्तहेर तर बेतास बात उत्पन्नाचा मध्यमवर्गीय गृहस्थ आहे.

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवर बेतलेल्या चित्रपटांत संकेतांचा प्रश्न नैतिक होतो. मानवत येथील खुनांवर अमोल पालेकर यांनी 'आक्रीत' (१९८१) काढला. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर 'माफीचा साक्षीदार' (१९८६) आला. त्या प्रकरणातील आरोपी कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. अशा विषयात मारेकऱ्याला रुबाबदार दाखवण्याचा संकेत जसाच्या तसा उचलला, तर मृतांची कुटुंबे केवळ कथानकाची सामग्री ठरतात.

== ग्रामीण पार्श्वभूमी ==
बहुतेक संकेत महानगरात जन्मले. तेथे माणूस गर्दीत हरवू शकतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांत कथा घडवायची तर हे गृहीतकच टिकत नाही: वस्तीवर आलेला परका माणूस पहिल्या तासातच चार घरांना माहीत होतो. गुप्तहेराची जागा पोलीस पाटील घेतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेला हा मनुष्य गावचाच असतो, संशयिताचा बहुधा नातलग वा बांधाचा शेजारी. त्याने खबर द्यावी की नाही, यातच पूर्ण लघुपटाचा ताण सामावू शकतो.

दृश्यखुणाही बदलतात. अंधाऱ्या गल्लीचे काम येथे पुरुषभर उंचीचा ऊस करतो, आणि तोड झाली की तेच रान लपायला जागा न उरलेले उघडे माळ होते. शिरूर भागात उसातल्या बिबट्याचे भय खरे असल्याने पाचटाची सळसळ ऐकताच प्रेक्षकाच्या मनात आधी माणूस येत नाही. चकव्यासाठी याहून चांगली सोय नाही. रात्री मोटर सुरू करायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातातील विजेरी हा तर आयता प्रकाशस्रोत आहे.

दौंड हे सोलापूर व मनमाडकडे जाणारे मार्ग फुटणारे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन येथे दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि गाडी आल्या दिशेने मागे फिरे. पुढे बाह्य जोडमार्गामुळे ते टळले. आगगाडीतील पाठलागाचा जुना संकेत अशा थांब्यावर आपोआप उलटा होतो, कारण मागचा डबा पुढचा होतो. शिरूर ऊर्फ घोडनदीला मात्र रेल्वे नाही. तेथील कथेतला पळ नगर रस्त्यावरच्या एसटीनेच काढावा लागेल.